टण्ण आणि बद्द

माझा मामा एकवीस वर्षं एकच काम करत होता. तबकडीवर लाकडी हातोडी मारायची आणि ऐकायचं.

उंच खांबांवर विजेच्या तारा ज्यांना लटकलेल्या असतात, त्या चिनी मातीच्या तबकड्या आमच्या कारखान्यात होतात. तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून त्या असतात, आणि तारेचा भारही त्यांनाच पेलायचा असतो. भट्टीतून निघालेल्या तबकडीला कधी कधी आतून केसाएवढी चीर गेलेली असते. वरची चकाकी इतकी गुळगुळीत की भिंग लावूनही दिसत नाही. ती फक्त ऐकू येते. चांगली तबकडी टण्ण वाजते आणि तो नाद जरा वेळ रेंगाळतो. चिरलेली बद्द वाजते, खोट्या नाण्यासारखी. एवढं मलाही कळायचं. मामाला मात्र या दोन्हींच्या मधलं सगळं ऐकू यायचं. ही भट्टीच्या दाराशी होती, हिला आच कमी लागली, हिची चीर गळ्यात आहे, हिची कडेला. तो सांगायचा आणि फोडून पाहिलं की तसंच निघायचं. पास झालेल्या तबकडीच्या गळ्यावर तो आपला तीन नंबरचा शिक्का मारायचा. शंभरातली एखादीच पुढे यंत्रावर तपासली जायची. बाकीच्या नव्याण्णवांसाठी मामाचा कान हीच शेवटची चाळणी. सगळे त्याला कानसेन म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. उगाच नको-नको म्हणण्यातला तो नव्हता.

मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. शिक्षण संपवून वर्षभर घरी बसले होते, तेव्हा मामानेच साहेबांकडे शब्द टाकला. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच, आणि आईचे गुडघे तिला दोन जिने चढू देत नव्हते. म्हणजे घर माझ्यावर होतं, आणि मी मामाच्या शब्दावर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कानात वाजायला कधी लागलं ते मामालाही नेमकं सांगता येत नव्हतं. पहिल्यांदा त्याने फ्रिजवर आळ घेतला. मामी शिंप्याकडची काजं-बटणं घरी करायची. ती खिडकीत सुई-दोरा घेऊन बसलेली, आणि मामा घरभर फिरून विजेचं एकेक बटण बंद करतोय.

“फ्रिज शिट्टी मारतोय,” तो म्हणाला.

“अहो, तो सकाळपासून बंद आहे. पुसायला काढलाय मी.”

मामाने फ्रिजला कान लावला, भिंतीला लावला, मग पाण्याच्या टाकीला. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली, तर आवाज उलट वाढला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की शिट्टी घरात नाही, डोक्यात आहे. बारीक, उंच, एकसुरी. थांबत नव्हती आणि वाढतही नव्हती.

मग बोलण्यात घोळ व्हायला लागले. मामी म्हणाली, “साठ काजं झाली.” मामा म्हणाला, “सात? सकाळपासून बसलीयेस आणि सात?” मामीने दोन दिवस अबोला धरला. मी वीस म्हटलं की त्याला तीस ऐकू यायचं. आवाज त्याला पोचत होता. कुजबुजलं तरी तो मान वळवायचा. पण शब्दाच्या कडा झिजून येत होत्या. आम्ही हसायचो. कानसेन आता म्हातारा झाला, असं मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत चार जणींना सांगितलंय, आणि त्या हसल्या आहेत.

कारखान्यात उलटंच घडत होतं. महिन्याचा अहवाल मी टाइप करायची. शंभरातल्या नऊ-दहा तबकड्या बाद होणं ही नेहमीची गोष्ट. त्या वर्षी ते आठ झालं, मग सहा, मग चार. साहेबांनी तो आकडा मला जाड ठशात घ्यायला लावला. मातीची भेसळ सुधारली, भट्टीवाले सुधारले, असं जो तो आपापल्या परीने म्हणत होता. साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवून मामाला प्रमाणपत्र दिलं, काचेच्या चौकटीतलं. त्यावर ‘अचूकतेबद्दल’ असं लिहिलेलं होतं. तो मजकूर मीच टाइप केला होता. मला अभिमान वाटला होता, आणि मामानेही ते हसून घेतलं. घरी जाताना मात्र तो म्हणाला, “भट्टी तीच, माती तीच, माणसं तीच. मग चिरा गेल्या कुठे?”

“तू उगाच किडे करतोस डोक्यात,” मी म्हणाले.

“किडा आहेच डोक्यात,” तो म्हणाला.

त्या रविवारी त्याने कारखान्यातून दोन तबकड्या घरी आणल्या, एक धड आणि एक चिरलेली. मामीला पडद्यामागे बसवलं. “वीस वेळा वाजव. मनाला येईल ती. मी सांगतो कुठली ते, तू लिहीत जा.” मामीने काजाच्या हिशोबाच्या चिठ्ठीमागे रेघा ओढत वीस वेळा वाजवलं. मामा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसला होता. टण्ण, टण्ण, बद्द, टण्ण, असं तो सांगत गेला. संपल्यावर त्याने विचारलं, “किती?”

“अठरा बरोबर,” मामी म्हणाली.

अकरा होते. हे मामीने मला फार उशिरा सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर. “परीक्षेला बसलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता गं त्यांचा. माझ्या तोंडून आकडा निघेना.” तिने ती चिठ्ठी चुलीत घातली, आणि मामा निर्धास्त होऊन पुढचे चार महिने शिक्के मारत राहिला.

चार महिन्यांनी पॅकिंगची ताई त्याच्याकडे आली. ही ताई वयाने मामाएवढीच, पण सगळा कारखाना तिला ताई म्हणायचा. तिच्या हातात एका तबकडीचे दोन तुकडे होते, गळ्यावर तीन नंबरचा शिक्का. खोक्यात ठेवताना नुसती टेकली आणि दुभंगली, असं ती म्हणाली. तुटलेल्या कडेला अर्ध्या लांबीपर्यंत तपकिरी रेघ होती. भट्टीचा धूर मुरलेला. म्हणजे चीर जुनी होती, भट्टीतूनच आलेली, आणि मामाच्या हातोडीखालून गेलेली.

मामाने ते तुकडे खूप वेळ हातात धरले. मग जेवणाच्या सुट्टीत, भट्टीचे पंखे बंद असताना, त्याने ताईला पडद्यामागे नाही, सरळ पाठीमागे उभं केलं आणि तोच खेळ पुन्हा मांडला. मीही तिथे होते. एकेका ठोक्यानंतर तो थांबायचा, डोकं किंचित कलतं करायचा. पूर्वी असा तो कधीच थांबत नसे. हातोडी उचलायच्या आत निकाल लागलेला असायचा.

“किती?” त्याने विचारलं.

ताई मामी नव्हती. “नऊ,” ती म्हणाली.

“वीसपैकी नऊ,” मामा म्हणाला. “नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते.”

कानाच्या दवाखान्यात मी त्याच्याबरोबर गेले, कारण डॉक्टर बोलतील ते त्याला नीट कळेल याची खात्री नव्हती. डॉक्टरांनी आत बत्ती घालून पाहिलं, काचेच्या खोलीत बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले आणि सांगितलं, “वयाच्या मानाने कान उत्तम आहेत.” मामा उठलाच नाही. म्हणाला, “डॉक्टर, तुमचा आवाज वाजतोय की माझा, हे मला कळत नव्हतं. मी अंदाजाने बटण दाबत होतो.”

मग डॉक्टरांनी तपासणीच्या बाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी मामाला शब्दांच्या जोड्या ऐकवल्या, मागे पंख्यासारखी घरघर लावून. काच की काज. वीस की तीस. गाल की काल. साठ की सात. मी काचेबाहेरून पाहत होते. मामा उत्तर देत होता आणि बाई फुल्या मारत होत्या.

नंतर त्यांनी समजावलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. “ऐकू येणं वेगळं आणि दोन आवाजांतला फरक कळणं वेगळं. तुम्हाला ऐकू येतंय. पण तुमच्या कानात जो सूर सतत वाजतोय तो बराच वर, उंच पट्टीतला आहे. शब्दांतली बारीक व्यंजनं त्याच पट्टीत असतात, ती त्यात बुडतात. स्वर तेवढे वर राहतात. तुमची ती चांगली तबकडी कुठल्या पट्टीत वाजते?”

मामाने ओठ आवळून बारीक शिट्टी मारून दाखवली.

“आणि कानातला सूर?”

त्याने पुन्हा तीच शिट्टी मारली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मलाही कळलं. चांगल्या तबकडीचा रेंगाळणारा नाद आता मामाच्या कानात चोवीस तास वाजत होता. बद्द वाजलेल्या तबकडीमागूनही तोच यायचा. त्याच्यासाठी जगात चिरलेली तबकडी उरलीच नव्हती.

“गोळी?” मामाने विचारलं.

“हा घालवणारी गोळी नाही. सवय होते. शांत जागी जास्त त्रास होईल, हलकं काहीतरी लावून ठेवत जा. आणि ते काम मात्र सोडा.”

कागदावर त्यांनी ‘कर्णनाद’ असं लिहिलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, “नाव कसलं भारदस्त दिलंय.”

दुसऱ्याच दिवशी मी त्याचा अर्ज टाइप केला. माझ्या कानात असा असा दोष झाला आहे, मला दोन आवाजांतला फरक ओळखता येत नाही, तरी मला तपासणीच्या कामावरून हलवावं आणि मागच्या सहा महिन्यांत तीन नंबरच्या शिक्क्याने गेलेला माल पुन्हा तपासावा. हे शेवटचं वाक्य मी नको म्हणत होते. मामा म्हणाला, “तेच तर वाक्य आहे. बाकीचं नसलं तरी चालेल.”

ऑफिसचा नियम असा की आलेला प्रत्येक कागद आधी आवक वहीत चढवायचा, नंबर द्यायचा, मग साहेबांपुढे न्यायचा. मी वहीत न चढवता तो तसाच हातात घेऊन आत गेले. काम त्याच दिवशी व्हावं म्हणून. चांगल्याच हेतूने.

आमच्या साहेबांचा आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, दवाखान्याचा कागद वाचला, दोन्ही एकत्र टाचले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले.

“याला आत्ता नंबर देऊ नकोस,” ते म्हणाले. “मोठी ऑर्डर तोंडावर आहे. ती जाऊ दे, मग बघू. आणि बाहेर बोलायचं नाही. मामाचीच बदनामी होईल.”

“बरं,” मी म्हणाले.

दोन अक्षरं. त्यांनी मला दम दिला असता तर आज सांगायला तरी काही असतं.

अर्ज ड्रॉवरमध्ये आहे एवढं मी मामाला सांगितलं, आणि त्याने आठ दिवस वाट पाहिली. मग त्याने आपल्या परीने वाट काढली. ज्या तबकडीबद्दल जरा शंका ती बाद करायची, असं त्याने ठरवलं. शंका सगळ्यांबद्दलच होती. शंभरातल्या चाळीस बाद व्हायला लागल्या. शेडच्या कोपऱ्यात ढीग लागला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला वर बोलावलं. मी शेजारच्या टेबलाशी होते, दार उघडं होतं.

“हे काय चाललंय?”

“मला कळत नाही साहेब, म्हणून बाजूला काढतो.”

“बाद मालातल्या दहा-दहा तबकड्या मी यंत्रावर लावून बघितल्या. दहातल्या नऊ धड निघाल्या.”

“आणि दहावी?”

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. “एकवीस वर्षं कळत होतं आणि ऑर्डर आली की कळेनासं झालं? तुम्हाला बसून खायचं असेल तर तसं सांगा. कानात वाजतंय हे कुणाला दिसतंय? मी म्हणेन माझ्याही कानात वाजतंय.”

“मला तिथून काढा. झाडायला लावा. भट्टी भरायला लावा.”

“आणि तुमच्या जागी कोण? ज्याला यातलं ओ का ठो कळत नाही असा एखादा? तुमचा निम्मा कानही त्याच्यापेक्षा बरा.” मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “भाची इथेच आहे ना तुमची? नीट चाललंय तिचं. असंच चालू द्या.”

हे शेवटचं मामाला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. मला गेलं. बाहेर पडताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी टाइपरायटरच्या फितीकडे. सोमवारपासून बाद तबकड्यांचा आकडा पुन्हा चारवर आला.

त्याने काम सोडायला हवं होतं, असं नंतर खूप जण म्हणाले. मीही म्हटलंय. एकदा मी त्याला विचारलंही होतं, शिक्का मारताना काय करतोस म्हणून. तो म्हणाला, “हाताने चाचपतो. वजन बघतो. डोळ्यांनी बघतो. आणि मग मारतो शिक्का. बायका दार लावल्यावर कडी परत ओढून बघतात ना, तसं दोनदा वाजवतो. दोन्हीदा टण्ण.”

ऑर्डर गेली. ड्रॉवर उघडला नाही.

पावणेदोन महिन्यांनी, दुपारी, दुसऱ्या गावाबाहेर नवीन लाइन टाकणारा एक माणूस खांबावर होता. तारेचा भार आल्यावर एकाखाली एक जोडलेल्या तबकड्यांच्या माळेतली तिसरी दुभंगली आणि तार त्याच्या अंगावरून शेजारच्या चालू लाइनवर पडली. माणूस वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. तुटलेल्या तबकडीच्या गळ्यावर तीन नंबर होता.

मामा त्याला बघायला दवाखान्यात गेला. कुणाला न सांगता, एकटा. परत आल्यावर तो आमच्याकडे आला, आईच्या पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, “मोठा हॉल आहे. वीसेक खाटा. ट्रॉल्या, भांडी, नातेवाईक, सगळा कालवा. मी त्याला सांगितलं, मी कारखान्यातला, शिक्का माझा आहे. तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मला एक शब्द लागला नाही.”

आईने विचारलं, “रागावला होता का?”

“तेच तर कळलं नाही. शिव्या देत होता की हाताचं सांगत होता. तोंड हलत होतं. पुन्हा बोला असं त्याला कुठल्या तोंडाने सांगू? मी मान हलवत राहिलो. काय-काय कबूल करून आलो कोण जाणे.”

चौकशीला तीन जण आले. वरच्या मजल्यावरच्या सभेच्या खोलीत लांब टेबलामागे बसले; मध्ये बसलेले पिकल्या केसांचे गृहस्थ प्रश्न विचारत होते. छताला तीन पंखे होते आणि खिडकीबाहेर भट्टीचा एकसारखा घुरघुराट. मामा भिंतीकडच्या खुर्चीत, माझ्या मागे. त्याने सांगितलं की मी अपघाताच्या दोन-अडीच महिने आधी लेखी कळवलं होतं. साहेबांनी सांगितलं की असा कागद त्यांनी पाहिलेला नाही. दवाखान्याचा कागद? तोही नाही. अपघातानंतर हे सुचलं असावं, साहेब म्हणाले, पण माणूस वाईट नाही, एकवीस वर्षं चांगलं काम केलंय. वाईट शब्द त्यांनी एकही काढला नाही.

मग मला पुढे बोलावलं. आवक वही माझ्या हातात होती.

“या वहीत अशा अर्जाची नोंद आहे का?” गृहस्थांनी विचारलं.

वहीत नोंद नव्हती. प्रश्न नोंदीचा होता. मी वही उघडली, तो महिना काढला, बोट फिरवलं, जणू मला माहीतच नव्हतं. घरी आई होती, दोन जिने होते. साहेब पेनाचं टोपण लावत-काढत होते, माझ्याकडे बघतही नव्हते.

“नाही,” मी म्हणाले.

“ठीक आहे. बसा.”

खरं तेच बोलले होते मी. अजून दोन वाक्यं बोलायची होती: अर्ज मी स्वतः टाइप केला, आणि तो त्या ड्रॉवरमध्ये आहे. ती त्यांनी विचारली नाहीत, आणि मी सांगितली नाहीत.

बाहेर जिन्यात मामा माझी वाट बघत उभा होता. त्याचे डोळे भरलेले होते. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“मला वाटलं होतं तू घाबरशील,” तो म्हणाला. “आहे म्हणालीस. साहेबासमोर, त्याच्या तोंडावर. आता ते ड्रॉवर उघडतील.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आहे. नाही. आधी आ, शेवटी ए की ई. तीन पंखे, मागून ऐकणं, मध्ये माझी पाठ. बाई म्हणाल्या होत्या तसंच, व्यंजन बुडालं होतं, आणि उरलेल्या स्वरांत त्याने त्याला हवं ते ऐकलं होतं. माझ्याबद्दल त्याला जे वाटत होतं ते.

“मामा—” मी म्हणाले.

“बोलू नकोस आता. इथे भिंतींना कान आहेत. आणि चांगले आहेत.” तो स्वतःच्याच विनोदावर हसला. बऱ्याच महिन्यांनी.

मी त्याला तिथेच सांगू शकले असते. चौकशीचा कागद अजून बनायचा होता, गृहस्थ आत चहा पीत होते, दार दहा पावलांवर होतं. मी म्हणाले, “घरी जा मामा, मामी वाट बघत असेल.” तो कठड्याला धरून हलक्या पायाने जिना उतरला. त्या संध्याकाळी त्याने मामीला सांगितलं, भाचीने लाज राखली. मामीने आईला सांगितलं. आईने माझी पाठ थोपटली, आणि मी थोपटू दिली.

सतरा दिवस ते सगळे तसं समजून राहिले. अठराव्या दिवशी मामाच्या घरी निकालाची प्रत आली. ती मीच टाइप केली होती, म्हणजे मला आधीच माहीत होतं. तरी ते पोचवायचं काम मी पोस्टाला करू दिलं. त्यात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने दोषाची कल्पना दिल्याचा पुरावा नाही. आवक नोंदवहीत नोंद नाही, संबंधित टंकलेखिकेने तसं समक्ष सांगितलं आहे. सबब निष्काळजीपणा सिद्ध होतो आणि कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात येत आहे. छापील अक्षरात नाही म्हणजे नाहीच असतं. त्यात ऐकण्याची चूक होत नाही.

मामा त्यानंतर आमच्याकडे आला नाही. बोलावणंही आलं नाही. महिन्याभराने साहेबांनी कानाने तपासायचं कामच बंद केलं आणि सगळ्या तबकड्यांसाठी यंत्र आणलं. इतकी वर्षं ते का आणलं नव्हतं, असं कुणी विचारलं नाही. मला वेगळं टेबल मिळालं, खिडकीजवळचं. साहेबांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही, इतके ते सभ्य. ताईने मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. ती जेवणाचा डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जायला लागली, आणि तिच्यामागून एकेक करून बाकीच्याही गेल्या.

पुढे मी एका सकाळी मामाकडे गेले. मामीने दार उघडलं, बाजूला झाली, आत सरकली. मामा खिडकीत तिची काजं करत बसला होता. चष्मा लावून, बारीक टाके. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा सुईत डोळे घातले. कोपऱ्यात रेडिओ होता, दोन स्टेशनांच्या मधे लावलेला, नुसता खरखरणारा. कानातल्या शिट्टीवर तेवढाच उतारा.

मी बोलायला लागले. आईचं सांगितलं, जिन्यांचं सांगितलं, साहेबांनी भाचीचं नाव घेतलं होतं ते सांगितलं. पाचेक मिनिटं बोलले असेन. तो टाके घालत होता. मग त्याने हात वर करून मला थांबवलं.

“मला कळत नाही तू काय म्हणतेस ते,” तो म्हणाला. “खोटं नाही सांगत. एक शब्द घरंगळतो आणि पुढचे सगळे त्याच्यामागून जातात. लिहून दे.”

त्याने मामीची चिठ्ठ्यांची वही आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द टाइप करणारी मी, त्या कोऱ्या पानापुढे किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी लिहिलं: मामा, माझी चूक झाली.

त्याने चष्मा वर करून ते वाचलं.

“नाही,” तो म्हणाला. “चूक माझी झाली. ऐकण्यात. तुझ्या बोलण्यात काही चूक नव्हती, वहीत नव्हतंच ते.” त्याने पान फाडलं नाही की चुरगळलं नाही, वही मामीला परत दिली. “अगं, हिला चहा देणार असशील तर दे. नाहीतर हिला कामावर जायचं असेल.”

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आत कसलाही आवाज होत नव्हता, भांड्याचासुद्धा. मी थोडा वेळ बसले. मामाने दोरा संपवला, दातांनी तोडला आणि नवीन ओवायला घेतला. सुईचं नेढं त्याला पहिल्याच खेपेला सापडलं. डोळे अजून शाबूत होते त्याचे.

मी चपला घातल्या आणि कामावर गेले. उशीर झाला म्हणून कुणी काही बोललं नाही.